कमरेचे पिस्तूल आणि परवान्यावरची हद्द

बुलडाणा : पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरचा परवाना एकदा हाती आला की ते शस्त्र कमरेला लावून देशात कोठेही हिंडता येते, असा समज अनेक परवानाधारकांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात परवान्याच्या पुस्तिकेत वैधता क्षेत्राचा एक रकाना असतो आणि त्यात लिहिलेल्या सीमेपलीकडे त्या परवान्याला अर्थ उरत नाही. ज्या जिल्ह्याची उत्तर सीमा थेट मध्य प्रदेशाला भिडते, त्या बुलडाण्यात हा रकाना नीट वाचून ठेवणे अधिकच गरजेचे आहे. मलकापूर किंवा जळगाव जामोदच्या व्यापाऱ्याला बऱ्हाणपूरची बाजारपेठ परकी नाही. सोयरिकीही दोन्हीकडे आहेत. मात्र परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर खिशातील शस्त्र राज्याची सीमा ओलांडताक्षणी विनापरवाना ठरण्याचा धोका असतो. शस्त्र अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

ही सीमा तशी फार जुनी नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बुलडाणा आणि बऱ्हाणपूर ही दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात, म्हणजे तत्कालीन मध्य प्रदेशात होती. त्याआधी ती मध्य प्रांत व वऱ्हाडात होती. राज्य पुनर्रचनेने वऱ्हाड प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सातपुड्याच्या पायथ्याचे लोकजीवन फारसे बदलले नाही. कागदावरची हद्द मात्र बदलली.

झाकलेले शस्त्र हाच नियम

अमेरिकेत शस्त्र उघडपणे बाळगणे आणि ते कपड्यांआड लपवून बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. लपवून बाळगण्यासाठी तेथील अनेक राज्यांत स्वतंत्र परवाना लागतो. भारतात असा वेगळा परवाना नाही. उलट, शस्त्र नियम २०१६ मधील आठव्या नियमाने सार्वजनिक ठिकाणी अग्निशस्त्र नेताना ते पूर्णपणे झाकलेले असावे, असे बंधन घातले आहे. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असले पाहिजे आणि ते नेणाऱ्याचे त्यावर पूर्ण नियंत्रण असले पाहिजे. म्हणजे शर्ट खोचून मूठ दिसेल अशा बेताने पिस्तूल मिरवणारे गावोगावचे 'भाऊ' आणि 'दादा' परवाना असूनही नियमभंगच करीत असतात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शस्त्र कमरेला असले तरी सगळीकडे नेता येत नाही. परवान्याच्या शर्तींनुसार, विशेष परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, कोणताही सार्वजनिक जमाव किंवा शिक्षणसंस्थेचे आवार येथे शस्त्र नेण्यास मनाई आहे. बुलडाणा जिल्ह्यात ही शर्त वर्षभर लागू पडते असे म्हटले तरी चालेल. शेगावला गजानन महाराजांचा प्रकटदिन, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सव अशा प्रत्येक वेळी परवानाधारकाने शस्त्र घरीच ठेवणे अपेक्षित आहे. शर्तीचा भंग झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र परवानाधारकाला खरी भीती परवाना रद्द होण्याची असते.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ अन्वये जिल्हा दंडाधिकारी एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत शस्त्रे, तलवारी, भाले, लाठ्या आदी घेऊन फिरण्यास बंदी घालू शकतात. सण, उत्सव, आंदोलने यांच्या आगेमागे असे आदेश निघत असतात. हा कायदा महाराष्ट्राचा आहे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात असे आदेश भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १४४ खाली निघतात. नागरिकाच्या दृष्टीने परिणाम जवळपास सारखाच, पण आदेशाची मुदत, कलम आणि शिक्षा वेगळी.

हक्क की सवलत?

सामान्य माणसाने शस्त्र बाळगावे की नाही, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षांचा आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी प्रजेला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. या अपमानाची सल राष्ट्रीय चळवळीत दीर्घकाळ राहिली. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, ठरवून दिलेल्या नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत समाविष्ट होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले संविधान सभेचे सदस्य हरि विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत आणण्यासाठी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती संमत झाली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले, की अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे भारतात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही.

हक्क नाही म्हटल्यावर प्रश्न उरतो तो देणाऱ्याच्या मर्जीचा, आणि प्रादेशिक फरकाचे मूळ येथेच आहे. १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू असलेला शस्त्र अधिनियम १९५९ साऱ्या देशाला एकच आहे. परवाना मात्र जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. त्यामुळे बुलडाण्याच्या अर्जदाराची फाईल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जाते, तर अमरावती शहरातील अर्जदाराची पोलीस आयुक्तालयात. व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणाची 'खरीखुरी गरज' असल्यास परवान्याचा विचार करावा, असे नियम सांगतो. ही गरज मोजायची कशी, हे मात्र नियमात नाही. सराफ्याचे दुकान असलेल्या खामगावच्या व्यापाऱ्याला ती आहे की नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यातील तशाच व्यापाऱ्याला आहे की नाही, याची उत्तरे दोन अधिकारी वेगवेगळी देऊ शकतात.

मध्य प्रदेशात तर या विवेकाधिकाराला कधी कधी विनोदी वळण लागले. २००८ मध्ये शिवपुरी जिल्हा प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना आखली होती. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांना झाडे लावण्याची आणि पुढे गोशाळेला घोंगड्या देण्याची अट घातली. हेतू चांगलाच होता. पण झाड लावल्याने शस्त्राची गरज कशी सिद्ध होते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

आकडेही हा फरक दाखवतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतील १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. मध्य प्रदेशात सुमारे २ लाख ४७ हजार, तर त्याहून कितीतरी अधिक लोकसंख्येच्या महाराष्ट्रात केवळ ८४ हजार ५० परवाने होते. सातपुडा ओलांडला की परवान्यांची संख्या तिपटीने वाढते, ती तेथे धोका तिप्पट आहे म्हणून नव्हे. चंबळ-ग्वाल्हेर पट्ट्यात बंदूक ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते आणि प्रशासनही त्याच समाजात वावरत असते.

महाराष्ट्रातही सर्व जिल्हे सारखे नाहीत, हे बीडने दाखवून दिले. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर त्या जिल्ह्यातील परवान्यांकडे राज्याचे लक्ष गेले. परवान्यांची संख्या बाराशेहून अधिक असल्याचे समोर आले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्या वेळी मांडलेल्या आकडेवारीनुसार शेजारच्या परभणी जिल्ह्यात केवळ ३२ परवाने होते. दोन्ही जिल्हे मराठवाड्यातील, कायदा तोच, नियम तेच. त्यानंतर प्रशासनाने छाननी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. जे परवाने छाननीत टिकले नाहीत ते मुळात दिले कसे गेले, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

वैधता क्षेत्राचा घोळ

जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर मिळणारा परवाना साधारणपणे जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता असतो. राज्याबाहेर, विशेषतः संपूर्ण भारतासाठी वैधता हवी असल्यास त्याचे कारण द्यावे लागते आणि ते वरिष्ठ स्तरावर तपासले जाते. वारंवार परराज्यात जावे लागणारा व्यावसायिक, सैन्यदलातील अधिकारी, राष्ट्रीय स्पर्धांत उतरणारा नेमबाज यांची गरज समजण्यासारखी आहे. वर्षातून एकदा तीर्थयात्रेला जाणाऱ्याची गरज सिद्ध होणे कठीण. वैधता क्षेत्राबाहेरून तात्पुरत्या प्रवासापुरते शस्त्र नेण्यासाठी वेगळ्या परवान्याची सोय नियमांत आहे, पण तिचा वापर क्वचितच होतो. विमान प्रवासात शस्त्र केबिनमध्ये जवळ ठेवता येत नाही. ते आधी जाहीर करून, रिकामे करून सामानातून पाठवावे लागते.

अखिल भारतीय वैधतेबाबत सरकार इतके सावध का, याचे उत्तर जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात मिळते. २०१२ ते २०१६ या काळात तेथील अनेक जिल्ह्यांतून सुमारे २ लाख ७८ हजार परवाने अपात्र व्यक्तींना दिले गेल्याचा आरोप असून, २०१८ पासून केंद्रीय अन्वेषण विभाग त्याचा तपास करीत आहे. यांतील कित्येक परवानाधारक त्या राज्याचे रहिवासीही नव्हते. आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीकोषातील विशिष्ट ओळख क्रमांक लागतो. क्रमांक नसलेला परवाना वैध धरला जात नाही.

परराज्यातील परवान्याचे शस्त्र महाराष्ट्रात कसे वावरते, याचे भीषण उदाहरण ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत पाहायला मिळाले. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातील होता, असे तपासात पुढे आले. राहण्याचे ठिकाण बदलले की नव्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. हा नियम किती पाळला जातो, हे खासगी सुरक्षारक्षक ठेवणाऱ्यांनी स्वतःच तपासून पाहावे.

परवान्याची चर्चा करताना सीमाभागातील दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी आणि बडवानी जिल्ह्यातील उमरटी ही गावे देशी पिस्तुलांसाठी पोलिसांच्या नोंदीत वर्षानुवर्षे आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी उमरटीत जाऊन छापे टाकले, यावरून त्या शस्त्रांची वाट किती दूरवर जाते हे कळते. परवानाधारकाची चारित्र्य पडताळणी होते, ठाणेदाराचा अहवाल जातो, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. सातपुड्याच्या वाटेने येणाऱ्या कट्ट्याला यांपैकी काहीच लागत नाही.

निवडणूक, शेती आणि कोडगू

आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावीत, अशी प्रथा होती. सरसकट सर्वांकडून शस्त्रे काढून घेण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे दाद मागण्यात आली. त्यावर २००९ मध्ये न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात छाननी समितीने व्यक्तिनिहाय विचार करावा, असे मार्गदर्शन केले. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, विशेषतः निवडणूक काळातील दंगलीत गुंतलेले परवानाधारक प्रथम पाहावेत, ही त्यामागील भूमिका. निवडणूक आयोगानेही नंतर हीच पद्धत अवलंबिली. बुलडाण्यात २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांची आचारसंहिता लागली. म्हणजे एकाच वर्षात दोनदा हा विचार व्हावयाचा होता.

शस्त्र जमा करण्याचा जाच शहरातल्या पिस्तूलधारकापेक्षा शेतकऱ्याला अधिक होतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत ठासणीच्या बंदुकांचे शेतीसंरक्षण परवाने मोठ्या प्रमाणावर आहेत. ऐन पिकाच्या दिवसांत बंदूक ठाण्यात आणि रानडुकरे शेतात, ही तेथील कायमची तक्रार. बुलडाण्यातही अंबाबरवा आणि ज्ञानगंगा अभयारण्यांच्या परिसरात रोही आणि रानडुकरांनी शेतकऱ्याला हैराण केले आहे. तरीही कोकणासारखी शेतीसंरक्षण बंदुकीची परंपरा येथे रुजलेली नाही. असा परवाना मिळाला तरी जनावर मारण्याची मुभा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा आहे आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते.

देशात एका समाजाला मात्र ब्रिटिश काळापासून परवान्यातूनच सूट आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाज आणि तेथील जम्मा जमीनधारक यांना केंद्र सरकारने २०१९ मध्ये ही सूट ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवून दिली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी

बुलडाणा-बऱ्हाणपूरसारखीच कोंडी अमेरिकेत राज्याराज्यांच्या सीमेवर होते. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा 'विशेष कारण दाखवा' हा निकष घटनाबाह्य ठरविला. २०२४ पर्यंत २९ राज्यांत लपवून शस्त्र नेण्यास परवानाच लागेनासा झाला. पण एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानलाच पाहिजे, असे बंधन नाही. न्यूजर्सी कोणत्याच राज्याचा परवाना मानत नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना असलेली एक महिला वाहन तपासणीत स्वतःहून पिस्तुलाची माहिती देऊन न्यूजर्सीत अटकेत गेली. तिला दोन वर्षांनी गव्हर्नरने माफी दिली. एडिसन परिसरात राहणाऱ्या आणि फिलाडेल्फियाला ये-जा करणाऱ्या मराठी कुटुंबांना हे ठाऊक असलेले बरे. शिवाय ग्रीन कार्ड नसलेल्या, एच-१बीसारख्या व्हिसावरील व्यक्तीला तेथील संघीय कायद्याने काही अपवाद वगळता बंदूक बाळगण्यासच मनाई आहे.

अर्ज कसा होतो

बुलडाण्यातील रहिवाशाने विहित नमुन्यातील अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकारी कार्यालयात कागदपत्रे सादर करावयाची असतात. वय किमान २१ वर्षे हवे. हिंसाचार वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे परवाना मिळत नाही. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असे नियम सांगतात. शस्त्र हाताळण्याचे व सुरक्षित ठेवण्याचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. ही अट अनेकांना जाचक वाटते. पण १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या हातून स्वतःचेच परवानाधारक रिव्हॉल्व्हर सुटून पायात गोळी घुसली, ही घटना पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत. २०१९ पासून दोनच ठेवता येतात. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली. सर्वसाधारण अर्जदाराला .३२ बोअरसारखे अप्रतिबंधित शस्त्रच मिळते. ९ मि.मी. पिस्तुलासारख्या प्रतिबंधित शस्त्रांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालय घेते आणि तो प्रामुख्याने दहशतवाद वा नक्षलवादाच्या छायेतील व्यक्तींपुरता असतो.

अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी नोंदविणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. बुलडाण्याच्या अर्जदाराला जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. पोलीस आयुक्तांच्या निर्णयाविरुद्धचे अपील मात्र राज्य शासनाकडे, म्हणजे मंत्रालयातील गृह विभागाकडे जाते.